सारंगखेड्याच्या पुलावर

बाजार समितीच्या हॉलमध्ये, शहाद्याला,
टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर तुझा फोटो.
तुझा एकट्याचा फोटोच सापडेना म्हणे.
मग मोर्चाच्या फोटोतून तुला कापून काढला,
मोठा केला, चौकट लावली.
त्यामुळे थोडा दाणेदार दिसतोस,
डावा डोळा उन्हाने मिटलेला,
तोंड उघडं, घोषणा अर्धी आत, अर्धी बाहेर.
आणि उजव्या खांद्यावर एक हात.
नुसता हात. मनगटापर्यंत.
पुढे कात्री.

लोक रांगेने फुलं वाहतात.
कुणी विचारत नाही, हात कुणाचा.

माझा आहे, लोटन.
शहाण्णवचा पौष, सारंगखेड्याचा पूल, खाली तापी,
धुळ्याला पायी निघालो होतो,
तेव्हा आपला जिल्हा तिकडे होता.
तुझा आवाज पुलावरच गेला.
"आते तू बोल," म्हणालास, "मन्हा गळा बठना."
मी बोललो. दोंडाईचापर्यंत बोललो.
आयुष्यात तेवढंच.

भाषणं चालू आहेत.
निवृत्त तहसीलदार म्हणतात, ते माझे मित्र होते.
यांनीच तुला दोनदा आत टाकलं होतं.
पण बरं बोलतात, कागद न बघता बोलतात.
कुणीतरी तुला दीपस्तंभ म्हणालं.
तुझ्या घरी लाइट कुठे टिकायची रे,
बिल भरायचं तूच विसरायचास.

रूमसिंग पावरा आला आहे, दोन जीपा बदलून.
तो भाषण करत नाही.
माइकसमोर उभा राहून
प्लास्टिकच्या पिशवीतून पट्ट्याचा कागद काढतो,
उलगडून तुझ्या फोटोला दाखवतो,
जुन्याच घड्यांवर पुन्हा घडी घालतो
आणि उतरतो.
मग बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.

तुझी ती दोरी,
हिरवी, नायलॉनची, दर दहा फुटांना गाठ,
जिने तू डोंगरातली शेतं मोजलीस,
मथुरावहिनींनी अंगणात बांधली आहे.
काल गेलो तेव्हा तिच्यावर तुझे दोन शर्ट वाळत होते.
अजून धुतात.
मी गाठी मोजल्या. सवय.

आता ते, जे इथे सांगता येणार नाही.
सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तुला म्हणालो होतो,
माय आजारी आहे, यापुढे जमणार नाही.
माय गच्चीवर बिबड्या वाळत घालत होती,
धडधाकट, कावळ्यांना शिव्या देत.
मला पतपेढीत नोकरी लागली होती.
तू म्हणालास, "मायकडे ध्यान देजो."

त्यानंतर सव्वीस वर्षं,
कोर्टाच्या पायरीवर, बस स्टँडवर, रसवंतीत,
कुणाच्या तरी हळदीत,
जिथे भेटलास तिथे आधी विचारलंस,
"माय कशी शे?"
मी म्हणायचो, बरी शे.
तुला माहीत होतं का?
की खरंच विचारायचास?
दोन्हींतलं कुठलं जास्त बोचतं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
माय ब्याऐंशीची झाली. तू गेल्याचं तिला सांगितलं
तर म्हणाली, कोण, तो दोरीवाला?

नाव पुकारलं. पाच मिनिटं दिली आहेत.
उठतो.
हाराखाली हात झाकला गेला आहे,
झेंडूमागे बोटांची टोकं तेवढी.
हार थोडा बाजूला सरकवतो.
लोकांना वाटतं, तुझा चेहरा नीट दिसावा म्हणून.

माइक खरखरतो.
"माय बरी शे, लोटन."
एवढंच येतं तोंडात.
पहिल्या रांगेत कुणी चुळबुळतं,
सूत्रसंचालक घड्याळ बघतो.
मथुरावहिनी मात्र मान डोलावतात,
घरी जाऊन निरोप द्यायचा असल्यासारख्या.